मूल जगतंय, वजन मात्र तिथंच

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या 2030 च्या उद्दिष्टांवर अर्धं पान छापलं, ते सतरा रंगीत चौकोन, गरिबी संपवा, भूक संपवा, चांगलं आरोग्य वगैरे, आणि खाली ठळक अक्षरात की मातामृत्यूच्या बाबतीत महाराष्ट्राने 2030 चं उद्दिष्ट केव्हाच पार केलं. वाचून बरं वाटलं. मग चहा गार होईपर्यंत ते पान तसंच हातात धरून बसले, कारण दोन नंबरचा जो चौकोन आहे, भुकेचा, त्याबद्दल खाली एक ओळ पण नव्हती, आणि माझी सगळी नोकरी त्या दोन नंबरच्या चौकोनात गेली.

मी अंगणवाडीची मुख्यसेविका होते, आता पर्यवेक्षिका म्हणतात, 27 वर्षं, त्यातली जास्त सातपुड्याच्या बाजूला. रिटायर होऊन धुळ्याला असते. मोबाईलवर टाइप करतेय, भाचा म्हणाला मावशी बोल, आपोआप टाइप होतं, पण ते माझं बोलणं काहीच्या काही लिहितं, तेव्हा ऱ्हस्व दीर्घ तुम्ही बघून घ्या.

आधी जे खरं ते सांगते, तुमची बातमी चूक नाही. उद्दिष्ट काय आहे तर एक लाख जिवंत बाळांच्या जन्मामागे 70 पेक्षा कमी आयांचा मृत्यू. देशाचा आकडा 2018-20 चा 97 आहे, महाराष्ट्राचा 33, केरळचा 19. पाच वर्षांखालच्या मुलांचं उद्दिष्ट हजारामागे 25 मृत्यू, आपण 2020 लाच 18 वर आलो होतो. आणि हे कागदावरचं नाही हो, मी होताना बघितलंय. मी नोकरीला लागले तेव्हा पाड्यावर बाळंतपण घरीच, दाई आणि सासू, आणि बाई अडलीच तर बांबूला झोळी बांधून चार जण उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे (झोळी अजून गेलेली नाही, दर पावसाळ्यात तुमच्याच पेपरात फोटो असतो). मग 2005 नंतर आशा आली, म्हणजे गावातलीच आरोग्याचं काम करणारी बाई, दवाखान्यात बाळंतपण केलं की मिळणारे जननी सुरक्षाचे पैसे आले, पुढे 108 ची गाडी आली आणि बघता बघता बाया दवाखान्यात जायला लागल्या, ज्या सासवा पूर्वी मला अंगणात उभं करत नव्हत्या त्याच सुनेला गाडीत बसवून द्यायला लागल्या. देशात 2005-06 ला शंभरातली 39 बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत जवळजवळ 89. पंधरा वर्षांत एवढं होतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आता दोन नंबरचा चौकोन. उंचीच्या मानाने ज्यांचं वजन फार कमी असतं ती लुकडी मुलं, आम्ही सॅम आणि मॅम म्हणतो, सॅम म्हणजे तीव्र, मॅम म्हणजे मध्यम, आईला दोन्ही सारखंच. तर या मुलांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आणायचं जगातल्या आरोग्यमंत्र्यांनी 2012 मध्ये ठरवलं, मुदत 2025, आणि नंतरच्या सतरा उद्दिष्टांत पण तीच मुदत धरली, म्हणजे हे मुळात 2030 चं नव्हतंच, हे 2025 चं होतं. महाराष्ट्राचा आकडा 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत 25.6 टक्के. 2019-21 च्या सर्व्हेत 25.6 टक्के. मी चष्मा पुसून परत बघितलं, पॉईंटसुद्धा हललेला नाही. त्यातली तीव्र लुकडी मुलं मात्र 9.4 वरून 10.9 वर गेली. देशाचा आकडा 19.3, म्हणजे मुंबई-पुणेवाला आपला महाराष्ट्र याबाबतीत देशाच्या मागे आहे. आई वाचते, मूल वाचतं, आणि मग ते मूल बाळसं धरत नाही, हे कसं काय?

लोक पटकन म्हणतात आदिवासी आहेत, अडाणी आहेत, पोरांना काय भरवायचं कळत नाही. मला हे ऐकलं की राग येतो. सहा महिने ते दोन वर्षं वयाची जी मुलं आहेत त्यांच्यातल्या नीट पुरेसा आहार मिळणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या देशात शंभराला अकरा आहे, मग काय सगळा देश अडाणी? भाकरी पाण्यात कुस्करून आणि त्यावर मिरचीचं कालवण, हे जे मोठे खातात तेच पोराला, कारण दुसरं काही शिजलेलंच नसतं, आणि आई सकाळी मजुरीला गेलेली असते, पोर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्यात ती आईच कधी कधी सतरा अठराची. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायांत जवळजवळ 22 टक्के अशा की त्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं, हे पण त्याच सर्व्हेत आहे, आणि 15 ते 49 मधल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी. हाडाला मांस नसलेल्या पोरीच्या पोटी दोन किलोचं बाळ येणार नाही तर काय होणार.

पण मला आज आहाराचं नाही सांगायचं, मोजण्याचं सांगायचंय.

बाळंतपण दवाखान्यात झालं की आशाला त्याचे पैसे मिळतात, लस दिली की मिळतात, आणि बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं, सहा भेटींचे अडीचशे रुपये. हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून करून दाखवलं, 39 गावांत, 1999 ला त्याचा पेपर लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला, आणि 2011 पासून देशभर आशाला ते काम लावलं. म्हणजे बाळाच्या पहिल्या दीड महिन्यात कोणीतरी चपला घालून दारात जातं. मेलं तर कळतं, आजारी पडलं तर कळतं, आशालाच उत्तर द्यावं लागतं. तिथे सुधारणा झाली. आणि बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं अन्न सुरू करायची वेळ आली, म्हणजे खरी अडचण सुरू झाली की ते आमच्याकडे येतं, रजिस्टरात. (2018 पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आशाच्या अजून पाच भेटी आहेत, पन्नास रुपये भेटीला, पण माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, त्या भेटी व्हायच्या की नुसत्या सह्या व्हायच्या हे मला आणि आशाला दोघींना माहीत आहे.)

आता रजिस्टर कसं भरतात ते सांगते, नोकरीत असते तर नसतं सांगितलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं. साल्टर काटा आढ्याला टांगायचा, पोराला त्या कापडी चड्डीत घालून लटकवायचं, पोर हातपाय झाडून रडतं, काट्याची सुई नाचते, सेविका एकटी, मदतनीस खिचडी बघतेय, साठ पोरं. त्यातली वीस आलेलीच नाहीत. महिना अखेर मीटिंग. मग काय करायचं, मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवायचे. दर महिन्याला दोनशे ग्रॅम, इतकी शिस्तीत वाढणारी पोरं मी फक्त रजिस्टरात बघितली. मी पर्यवेक्षिका, मला कळायचं, मी सही करायचे. एकदा एका सेविकेने खरी वजनं लिहिली, तिच्या अंगणवाडीत सॅम पोरं एकदम वाढली, तर मीटिंगमध्ये तिला उभं केलं की तुमच्याकडेच कशी काय वाढली, आहार वाटप नीट करत नाही का, नोटीस काढू का. पुढच्या महिन्यात तिची पोरं पण दोनशे ग्रॅमने वाढली. आता ॲप आलं, पोषण ट्रॅकर, पण आकडा बोटाने भरायचाच ना, आणि डोंगरात रेंज नाही, ॲप इंग्लिशमध्ये म्हणून आणि फोन खराब म्हणून 2021 ला राज्यभर सेविकांनी मोबाईल परत केले होते, आठवत असेल तुम्हाला.

आणि स्थलांतर. दिवाळी झाली की मुकादम उचल देऊन गेलेलाच असतो, टेम्पो येतात आणि घरच्या घरं गुजरातेत ऊस तोडायला निघतात, म्हातारी माणसं आणि कोंबड्या मागे. एका वर्षी माझ्या बीटात अकरा सॅम पोरं होती. जानेवारीच्या मीटिंगला चार. कारण सात जण नावासमोर लाल शाईत स्थलांतरित. आणि त्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं साहेब, बाकीच्यांना सांगितलं या मॅडमकडून शिका, टाळ्या पण झाल्या, आणि मी उभी राहून हात जोडले. त्या सातांत एक तेरा महिन्यांची पोर होती, जायच्या आधी मी स्वतः वजन घेतलेलं, सहा किलो चारशे. होळीला ही माणसं कुठूनही परत येतात, सातपुड्यात होळीला घरी नाही असं होत नाही, तशी ती पण आली. सहा किलो दोनशे. साडेचार महिने आणि दोनशे ग्रॅम, फक्त उलटे. आईला विचारलं तिकडच्या अंगणवाडीत नाही नेलं का, तर म्हणाली, बाई, नेलं होतं, नाव तिकडचं आहे म्हणून सांगितलं. म्हणजे इकडे नाव कमी केलेलं आणि तिकडे लागलेलं नाही, ते पोर साडेचार महिने कोणाच्याच टक्केवारीत नव्हतं.

हे फक्त आमच्या पाड्यावर चालतं असं मला वाटायचं. भाचा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करतोय, त्याच्या नोट्स वाचायला घेतल्या तर कळलं की वरही हेच आहे, फक्त सूट-बूट घालून. 1996 ला रोमला जगातल्या देशांनी शब्द दिला की भुकेल्या माणसांची संख्या 2015 पर्यंत निम्मी करू. संख्या. मग 2000 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला 189 देश जमले, सहस्रक घोषणा झाली, त्यातून आठ उद्दिष्टं आली, आणि तिथे शब्द झाला प्रमाण. शंभरात किती, ते निम्मं करू. आणि मोजायला सुरुवात कुठून, तर 1990 पासून, म्हणजे सही करायच्या आधी दहा वर्षांत चीनने जे केलं होतं ते पण हिशोबात फुकट जमा. फरक काय पडतो म्हणाल तर बघा, विकसनशील देशांत भुकेल्यांचं प्रमाण 23.3 वरून 12.9 वर आलं, म्हणून उद्दिष्ट जवळजवळ गाठलं असं जाहीर झालं, आणि जगातली भुकेली माणसं मोजली तर 101 कोटीवरून 79 कोटी, निम्म्याच्या जवळपास पण नाही. रोमचा शब्द मोडला आणि न्यूयॉर्कचा जवळजवळ पाळला, तेच जग, तीच माणसं. आमचं स्थलांतरित लिहिणं आणि यात मला तरी फरक दिसत नाही, आमच्याकडे लाल शाई होती इतकंच.

गरिबीचं पण तसंच. आधी दिवसाला एक डॉलर, मग सव्वा, मग 1.90, मग 2.15, आणि 2025 च्या जूनपासून तीन डॉलर. महागाई वाढते, रेषा हलणारच, त्याला माझी हरकत नाही, आमच्याकडेही जागतिक आरोग्य संघटनेचे नवे वाढतक्ते आल्यावर कुपोषणाच्या जुन्या पहिली दुसरी तिसरी चौथी श्रेणीवाली पोरं एका रात्रीत वेगळ्या रंगात गेली होती, पोरगं तेच, मागच्या महिन्यात हिरवं, या महिन्यात पिवळं, आया विचारायच्या काय झालं याला. हा डॉलर पण बँकेत मिळतो तो नाही, इथल्या भावाने बसवलेला असतो, रुपयांत तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप कमी भरतो. आणि आपल्या नियोजन आयोगाने 2011 ला सुप्रीम कोर्टात गरिबीची रेषा माणशी दिवसाला खेड्यात 26 आणि शहरात 32 रुपये सांगितली होती तेव्हा काय हसं झालं होतं. असो. मुद्दा हा की या तीन डॉलरच्या रेषेने आता भारतात अतिगरीब शंभरात पाचच्या थोडेसे वर, 2011-12 ला 27 होते. मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण शंभरात पाच गरीब आणि शंभरात एकोणीस पोरं लुकडी, मग ही मधली चौदा पोरं कोणाच्या घरची? रेषेच्या वर गेलेल्या घरची ना. म्हणजे रेषेच्या वर गेल्यावर पोटात काय जातं हे त्या रेषेला माहीतच नाही.

आणि सरासरी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात बहुआयामी गरिबी, म्हणजे आरोग्य, शिक्षण, राहणीमान बघून मोजतात ती, महाराष्ट्रात 15 टक्क्यांच्या आत आणि त्याच महाराष्ट्रात नंदुरबारला 52. तुमच्या पानावर जो महाराष्ट्र आघाडीवर आहे त्यात नंदुरबार कुठे बसतं ते सांगा.

याचा अर्थ उद्दिष्टं बिनकामाची असं मी म्हणतेय असं कृपा करून छापू नका. भाच्याचे मित्र तसं म्हणतात, सगळं नाटक आहे म्हणतात, मला नाही पटत. 1990 ला जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटी मुलं वर्षाला दगावत होती, 2015 ला 60 लाखांच्या आत, 2022 ला 49 लाख. ती जी लाखो पोरं दरवर्षी वाचली त्यांच्या आयांना विचारा नाटक आहे का. कागदावर तारीख असली की वरचा माणूस खालच्याला फोन करतो, एवढं तरी होतं, आणि खालच्या माणसाला फोन आला की काहीतरी हलतं, हे मी 27 वर्षं बघितलंय. श्रीमंत देशांनी उत्पन्नातल्या शंभर रुपयांतले सत्तर पैसे गरीब देशांना द्यायचे असं 1970 ला ठरलं होतं, ते देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि 2025 ला अमेरिकेने तर यूएसएड हे आपलं मदतीचं खातंच बंद केलं, आता आफ्रिकेतल्या दवाखान्यांचं काय होत असेल. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनीच सांगितलं की 2030 च्या ज्या लक्ष्यांचं मोजमाप होतं त्यातली शंभरातली सतराच वेळेवर आहेत. 

तारखांचं म्हणाल तर आमच्या पिढीने ही तिसरी तारीख बघितली. 1978 ला तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या अल्मा आटा शहरी जागतिक परिषदेत ठरलं 2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य, आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या भिंतीवर ते ऑइलपेंटने रंगवलेलं होतं, 2000 उलटून गेलं तरी कोणी पुसलं नाही. मग 2015. आता 2030. त्या अल्मा आटाच्या मागे आपलं जामखेडसुद्धा होतं हे किती जणांना माहीत आहे? डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात निरक्षर बायांना आरोग्याचं काम शिकवलं होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते बघून घेतलं होतं. म्हणजे ही उद्दिष्टं न्यूयॉर्कहून आपल्याकडे आली असं आपण समजतो, पण त्यातलं जे चाललं ते जामखेड आणि गडचिरोलीच्या बायांनी आधीच करून ठेवलेलं, ते तिकडे जाऊन इंग्लिश होऊन परत आलं. त्या बायांना कोणी दोनशे ग्रॅम मिळव म्हणून सांगितलं नव्हतं, कारण त्यांना मीटिंग नव्हती, शेजारीण होती.

मला विचाराल तर सॅम वाढलेल्या अंगणवाडीला नोटीस देणं आधी बंद करा. तिला बक्षीस द्या म्हणत नाही, पण निदान विचारा तरी की ताई काय लागतं तुला. आणि लाल शाईतलं ते स्थलांतरित लिहायचं असेल तर पोर जिथे गेलं तिथल्या अंगणवाडीचं नाव समोर लिहिल्याशिवाय लिहू देऊ नका, उसाच्या फडावर पोरांचा काटा न्या, टेम्पो जातो तर काटा का जात नाही. ऊस मोजायला तिथे काटा असतोच, टनाटनाने असतो.

आणि तुम्हाला एक विनंती. त्या चौकोनांचं पान परत छापाल तेव्हा तालुक्या-तालुक्याची वजनं छापा, दिवाळीच्या आधीची आणि होळीच्या नंतरची शेजारी शेजारी. वार्ताहर पाठवणार असाल तर वजनाच्या दिवशीच पाठवा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पण ऑफिसला आधी फोन करून नका पाठवू. फोन गेला की रांगोळी काढलेली असते.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका, धुळे
(नाव छापू नये, माझ्याबरोबरच्या अजून नोकरीत आहेत)